पास लिहिलेली चिठ्ठी

माझ्या वहिनीने एक चिठ्ठी अजून जपून ठेवली आहे. दुकानातल्या बिलासारखा गुळगुळीत, दोन बोटं रुंदीचा कागद. शाई इतकी उडाली आहे की उजेडात तिरपा धरला तरच वाचता येतं: उजवा कान पास, डावा कान पास. माता-बाल कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, लसींच्या नोंदींच्या मागे ती घडी करून ठेवलेली असते. भाची जन्मल्यानंतर नवव्या दिवशी, दवाखान्यातून सुट्टी होताना ती हातात पडली. त्या चिठ्ठीवर विसंबून आम्ही दोन वर्षं घालवली.

भाचीला तिसऱ्या दिवशी कावीळ चढली होती. साधी नव्हे. निळ्या लाईटाखाली ठेवूनही उतरेना, तेव्हा रक्त बदलावं लागलं. आमच्याकडे अशा बाळांना 'पेटीत ठेवलं होतं' म्हणतात, आणि पेटीतून बाळ परत आलं की सगळं घर हात जोडतं. आम्हीही जोडले. कानाची तपासणी झाली, चिठ्ठी मिळाली, आणि कान हा विषय आमच्यापुरता संपला.

दहाव्या महिन्यात वहिनी म्हणाली, हाक मारली तर ही बघत नाही. पण दार आपटलं की दचकायची. कुकरची शिट्टी झाली की कधी वळायची, कधी नाही. 'मनात आलं तर ऐकते,' असं घरातल्या सगळ्यांचं मत पडलं. दवाखान्यात दाखवलं, तिथे चिठ्ठी बघितली गेली आणि काळजीचं कारण नाही असं सांगण्यात आलं. सव्वा वर्षाची झाल्यावर वहिनी पुन्हा गेली, पुन्हा तेच उत्तर. मी चोपडा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, दरवर्षी पहिलीची तीस-पस्तीस मुलं माझ्या हाताखालून जातात. तरी मीसुद्धा वहिनीला म्हणाले, 'अगं, दादा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.' हे वाक्य मी परत घेऊ शकत नाही.

सव्वादोन वर्षांची असताना एका डॉक्टरांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला: जन्मल्यावर कावीळ किती होती, रक्त बदललं होतं का? मग बेरा झाला, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे जातो का ते मोजणारी तपासणी. निकाल सपाट आला, एकही लहर नाही. आणि त्याच दिवशी, त्याच खोलीत, चिठ्ठी देणारी ती पहिली तपासणी पुन्हा केली, तर ती पुन्हा पास! दोन्ही यंत्रं नीट होती. दोन्ही निकाल खरे होते.

हे कसं होतं ते समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलणं व्यर्थ आहे.

बाळंतपणाच्या दवाखान्यात बहुतेक वेळा जी तपासणी होते तिला ओएई म्हणतात. कानात मऊ टोकाची एक बारीक कांडी घालतात, त्यातून टकटक आवाज जातो आणि त्याच कांडीतला माइक कानातून परत काय येतं ते ऐकतो. आतल्या कानातल्या शंखाकृती भागात केसांसारख्या पेशी असतात. आवाज पोचला की त्यातल्या बाहेरच्या रांगेतल्या पेशी हलतात, आणि त्यांच्या हलण्याचा अगदी क्षीण आवाज उलटा बाहेर येतो. डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1978 साली हे दाखवून दिलं, आणि बाळाला काही न विचारता, न टोचता, झोपेत काही मिनिटांत कान तपासण्याची सोय झाली. ही मोठीच गोष्ट आहे. या तपासणीविरुद्ध माझं काही म्हणणं नाही.

पण ती सांगते काय? एवढंच, की त्या पेशी हलतात. पेशींनी पकडलेला आवाज पुढे नसेतून मेंदूपर्यंत गेला की नाही, हे तिला दिसत नाही. विहिरीवरची मोटर घरघरते म्हणून केळीच्या शेवटच्या ओळीला पाणी पोचलं असं रावेर-यावलचा कोणता शेतकरी मानेल? मध्ये पाइप फुटलेला असू शकतो, ठिबकची नळी तुंबलेली असू शकते. तो ओळीच्या टोकाला जाऊन माती हातात घेऊन बघतो. बाळाच्या बाबतीत मात्र आम्ही मोटरीच्या आवाजावर घरी परतलो.

मोटर चालू आणि पाइप फुटलेला, या अवस्थेला वैद्यकात ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. कान आवाज घेतो, पण नस तो मेंदूला नीट पोचवत नाही. जन्मानंतरची तीव्र कावीळ हे त्याचं एक ठाऊक असलेलं कारण. फार अपुऱ्या दिवसांचा जन्म किंवा जन्मताना गुदमरणं हीसुद्धा. म्हणजे 'पेटीतली' बाळं ही नेमकी ती बाळं आहेत जिथे ओएई एकटी पुरत नाही. त्यांना बेरा लागतो. कपाळावर आणि कानामागे वायरी चिकटवतात, कानात आवाज सोडतात, आणि तो नसेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत गेल्याच्या लहरी मोजतात. हे काही नवं संशोधन नाही, कित्येक वर्षांपासून पुस्तकांत आहे. तरीही भाचीच्या सुट्टीच्या कागदावर 'रक्त बदललं' आणि 'कान पास' ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिलेली होती, आणि ती एकत्र वाचणारं कोणी भेटायला सव्वादोन वर्षं लागली.

म्हणून माझं म्हणणं असं: मुलांच्या कानाच्या तपासण्या अविश्वसनीय आहेत असं नाही. प्रत्येक तपासणी एका छोट्या प्रश्नाचं बऱ्यापैकी भरवशाचं उत्तर देते. आम्ही, म्हणजे दवाखाने, शाळा, आई-बाप, सरकारी तक्ते, सगळे मिळून तिच्या तोंडी मोठ्या प्रश्नाचं उत्तर घालतो. 'या मुलाला ऐकू येतं का' याचं उत्तर एका यंत्राच्या एका निकालात कधीच नसतं, आणि तसं ते आहे असं समजून जी व्यवस्था फाइल बंद करते ती बदलली पाहिजे. जर्गर आणि हेज या दोन श्रवणतज्ज्ञांनी 1976 साली मुलांच्या श्रवणचाचण्यांबद्दल एक तत्त्व मांडलं होतं: एका चाचणीचा निकाल, दुसऱ्या वेगळ्या प्रकारच्या चाचणीने पडताळून पाहिल्याशिवाय धरू नये. जवळजवळ पन्नास वर्षं झाली. खानदेशात ते तत्त्व किती दवाखान्यांच्या दारात पोचलं, हा आपल्याला विचारायचा प्रश्न आहे.

चूक दुसऱ्या बाजूनेही होते, आणि तिचीही किंमत मुलंच भरतात.

समजा हजार बाळं तपासली. जन्मतः कायमचं बहिरेपण जगभरात साधारण हजारात एक ते तीन बाळांना असतं, आपण दोन धरू. पहिल्या-दुसऱ्या दिवशी बाळाच्या कानात जन्माच्या वेळचा चिकट थर आणि पाणी असतं, त्यामुळे यंत्र बऱ्याच चांगल्या कानांनाही अडवतं. उदाहरणापुरतं धरा की शेकडा पाच अडली. म्हणजे पन्नास बाळांच्या आईंना सांगितलं गेलं की निकाल नीट आला नाही, आणि त्यातल्या अठ्ठेचाळीस बाळांचे कान ठणठणीत आहेत. यात यंत्राचा दोष नाही. चाळणी अशीच असते, खडा सुटू नये म्हणून थोडे दाणेही अडवते, मग हाताने निवडायचं असतं. पण हे त्या पन्नास आयांना कोण सांगतं?

यंत्राच्या पडद्यावर 'पास' नसलं की 'रेफर' असा शब्द येतो. त्याचा अर्थ फक्त 'पुन्हा बघा' एवढाच. पण आपल्या भागात रेफर म्हणजे काय ते सगळ्यांना पाठ आहे. रेफर म्हणजे ॲम्ब्युलन्स, रेफर म्हणजे 'आमच्या हाताबाहेर आहे, धुळ्याला न्या'. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईसमोर तो शब्द उच्चारला जातो आणि तिचं दूध आटायची वेळ येते. पुढे डॉक्टर 'बेरा करून घ्या' म्हणतात, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'बैरा' असं ऐकू येतं. आमच्याकडे बहिऱ्याला बैराच म्हणतात. तपासणीच्या नावातच निकाल लागल्यासारखं होऊन जातं. मी अशा एका घरी समजावायला गेले होते. आजीबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, बाळाची दुसरी तपासणीसुद्धा व्हायची होती. ते बाळ महिन्याभरानंतर व्यवस्थित पास झालं. पण त्याच घरात पुढच्या बाळंतपणाच्या वेळी कानाची तपासणी करू दिली नाही. 'त्या मशीनला काय कळतं,' म्हणाले. एका न समजावलेल्या शब्दाने एका घराचा विश्वास गेला.

आणि जे खरे दोन खडे आहेत? ते त्या पन्नासांच्या गर्दीत घरी निघून जातात. पहिली तपासणी झाली, दुसरीला कोणी आलंच नाही, हा या सगळ्या कामातला सगळ्यात मोठा भगदाड आहे. जगभर धरलेला नियम असा: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र आणि भाषेचं शिक्षण सुरू. त्याला आधार आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या मुलांवरचा 1998 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सहा महिन्यांच्या आत बहिरेपण ओळखलेल्या मुलांची भाषा, उशिरा ओळखलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. धडगावच्या डोंगरातल्या पाड्यावरून निघालेल्या बाईने हे तीन मुक्काम गाठायचे कसे, हे मात्र कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही.

बेरा करायला बाळ गाढ झोपावं लागतं. थोडं हललं, चोखलं, कुशीवर वळलं तरी स्नायूंची वीज त्या बारीक लहरींमध्ये मिसळते आणि कागदावर नुसता गोंधळ येतो. म्हणून आधीच्या रात्री बाळाला जागवा, सकाळी झोपू देऊ नका असं सांगतात. आता बघा. पहाटे उठून जीपने खाली यायचं, मग एसटी. गाडी सुरू झाली की मांडीवरचं कोणतं बाळ जागं राहतं? आई त्याच्या तोंडावर पाणी फिरवते, गाल चिमटते, खिडकीपाशी धरते. शहादा सोडेपर्यंत ते डाराडूर झोपतं, आणि दवाखान्याच्या पायरीवर टक्क जागं होऊन हसायला लागतं. झोपेचं औषध पाजलं तर अर्धं बाहेर येतं. बाहेर बाकावर नंबर लागलेला, आत दार उघडझाप, कोणाचा तरी मोबाइल वाजतो. तीन वाजता सांगतात, पुढच्या बुधवारी या. त्या बाईची एक दिवसाची मजुरी गेली, गाडीभाडं गेलं, आणि ती पुढच्या बुधवारी आली नाही तर रजिस्टरमध्ये शेरा पडतो: पालकांचा प्रतिसाद नाही.

हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. वहिनीबरोबर आम्ही तीन बुधवार असे काढले आहेत, आणि आमच्या घरी मोटारसायकल आहे, दादाला शेतीचं उत्पन्न आहे, जाण्यायेण्याच्या खर्चासाठी कोणाकडे हात पसरावा लागत नाही.

बेराच्या निकालाबद्दलही एक गोष्ट आई-बापांना सांगितली गेली पाहिजे, जी फार कमी वेळा सांगितली जाते. नेहमीच्या बेरामध्ये जो टकटक आवाज वापरतात, त्यातून मुख्यतः 2000 ते 4000 हर्ट्झच्या आसपासचं, म्हणजे वरच्या पट्टीतलं ऐकणं कळतं. खालच्या पट्टीतलं थोडं ऐकणं शिल्लक असलेल्या मुलाचाही निकाल 'प्रतिसाद नाही' असा येऊ शकतो. मग काठी गावच्या होळीला मोठा ढोल वाजला की पोरगं मान वळवतं, आणि बाप म्हणतो, डॉक्टर खोटं बोलले, माझं पोर ऐकतंय! बाप खोटा नाही आणि डॉक्टरही नाहीत. ढोलाची घुमी आणि 'स', 'च', 'त' या अक्षरांचा आवाज यांच्या पट्ट्या वेगळ्या. शिल्लक राहिलेलं ते थोडंसं ऐकणं यंत्र बसवताना उपयोगाचं असतं, म्हणून ते वेगवेगळ्या पट्ट्यांवर मोजायची चाचणी आहे, तीही व्हायला हवी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा मेंदू तर पुढचे काही महिने पिकत असतो, त्यामुळे पहिल्या बेरामध्ये न दिसलेल्या लहरी पुढे दिसू शकतात. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तर निकाल आणखी खाली जातो. अशा मुलावर एका कागदाच्या जोरावर कायमचा शिक्का मारणं, किंवा त्याच दिवशी महागडं यंत्र गळ्यात घालणं, दोन्ही चुकीचं. पडद्याची तपासणी सोबत व्हावी, आणि मोठा निर्णय घेण्याआधी बेरा पुन्हा व्हावा.

आता शाळेकडे येते, कारण तिथे मी स्वतः उभी असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, आणि त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. ही माणसं मनापासून काम करतात. हृदयाला छिद्र असलेली, रक्त कमी असलेली कितीतरी मुलं त्यांनी शोधली आहेत. पण त्यांच्यात ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारा तज्ज्ञ, नसतो, आणि एका सकाळी शंभर-सव्वाशे मुलांचे डोळे, दात, वजन, त्वचा, सगळं बघायचं असतं. कान तपासायचा म्हणजे मुलाच्या मागे उभं राहून टाळी, किंवा नाव घेऊन हाक. टाळीचा आवाज बोलण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. मध्यम बहिरेपण असलेलं मूलही त्याला वळतं. एका कानाने अजिबात ऐकू न येणारं मूल दुसऱ्या कानाने ऐकून वळतं. काही वेळा मूल फरशीवर पडलेली सावली बघून वळतं. माझ्या वर्गातला एक मुलगा चार वर्षं असा वळत राहिला. तो समोरच्या मुलाकडे बघायचा. समोरच्याचे डोळे हलले की हा मागे वळायचा. हुशार होता म्हणूनच सापडला नाही. तो पाढे म्हणताना 'सतरा'ला 'अतरा' म्हणायचा आणि त्यासाठी त्याला शाळेत रागावलं जायचं.

कधी कधी शिबिरात ऑडिओमीटर, म्हणजे ऐकणं मोजायचं यंत्र, घेऊन तंत्रज्ञ येतात. मग ती तपासणी जिथे होते ती जागा बघा. एका बाजूला पोषण आहाराची खिचडी शिजत असते, पत्र्यावर माकडं किंवा पाऊस, पलीकडच्या वर्गात कविता चालू, रस्त्यावरून ट्रॅक्टर. हेडफोनमधून 20-25 डेसिबलचा आवाज सोडतात, कुजबुजीपेक्षाही हळू. अशा खोलीत माझ्यासारख्या धडधाकट बाईलाही तो ऐकू येणार नाही. मग तंत्रज्ञ आवाज वाढवतात, 40 वर नेतात, आणि सगळी मुलं पास होतात. म्हणजे ज्यांना थोडं कमी ऐकू येतं, ज्यांच्या कानात वर्षातून चारदा पाणी साचतं, ज्यांना पहिल्या बाकावर बसवलं असतं तरी निम्मं काम झालं असतं, ती सगळी निसटली. रिपोर्टवर आकडा असतो, खोलीतला गोंगाट नसतो. यंत्र शेवटचं कधी मिळवून घेतलं, म्हणजे त्याचा काटा बरोबर आहे हे कधी तपासलं, तेही नसतं. किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर शिक्का लागतो. मुलाच्या कानाच्या काट्याला का नको?

भाषेचा मुद्दा तर आपल्याच भागाचा आहे आणि तो आपणच मांडायचा आहे. मोठ्या मुलांची बोलणं समजण्याची चाचणी शब्दांवर चालते: शब्द ऐकवायचा, मुलाने तो म्हणायचा किंवा चित्रावर बोट ठेवायचं. ते शब्द प्रमाण मराठीतले. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातली जवळपास 69 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. घरी पावरी, भिली बोलणारं मूल शाळेत येऊन मराठी शिकतं. धुळे-जळगावच्या खेड्यांत अहिराणी आहे, रावेर-यावलला लेवा गणबोली आहे. न कळलेला शब्द आणि न ऐकलेला शब्द, कागदावर दोन्हींना सारखीच फुली पडते. नुसत्या सुरांच्या चाचणीतसुद्धा सूचना समजावी लागते. 'ध्वनी ऐकू आल्यास मणी डब्यात टाकावा' असं एकदा सांगितल्यावर बावरून बघत बसलेल्या पोराला मी 'आवाज उना का मणी टाक' एवढं म्हटलं, आणि त्याने पुढचे सगळे मणी अचूक टाकले. तो बहिरा ठरता ठरता राहिला. दर तपासणीला मुलाची घरची बोली बोलणारं एक माणूस शेजारी असलं पाहिजे, आणि या बोलींमध्ये चित्रांसह शब्दयाद्या तयार झाल्या पाहिजेत. जळगावला विद्यापीठ आहे, तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अलीकडे नंदुरबारलाही झालं. मुंबईच्या अली यावर जंग संस्थेसारखी 1983 पासून याच विषयात काम करणारी राष्ट्रीय संस्था राज्यातच आहे. हे काम आपल्या आवाक्यातलं आहे.

प्रमाणपत्राच्या बाबतीत हा अचूकतेचा प्रश्न अगदी टोकाला जातो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत 70 डेसिबल नुकसान असलेला कर्णबधिर, आणि 60 ते 70 मधला ऐकण्यास कमी असलेला. पण कोणतीही सुरांची चाचणी आज आणि उद्या घेतली तर पाच डेसिबलचा फरक चालतो असं त्या शास्त्रातच मानलेलं आहे. सहा वर्षांचं, कंटाळलेलं, भुकेलेलं मूल असेल तर फरक आणखी पडेल. म्हणजे 58 आणि 62 यांत त्या मुलाच्या कानात काहीच फरक नसेल, पण शिष्यवृत्ती, प्रवासाची सवलत, पुढची नोकरीची राखीव जागा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रेषा कुठेतरी आखावी लागते हे मला मान्य आहे. पण मोजपट्टीच जिथे पाच इकडे पाच तिकडे आहे, तिथे रेषेजवळच्या मुलाला एका दिवसाच्या, एका चाचणीच्या आकड्यावर परत पाठवू नये. त्याला दुसरी तारीख, शांत खोली आणि दुसऱ्या पद्धतीची चाचणी मिळाली पाहिजे.

मी हे बोलते तेव्हा माझ्या ओळखीचे एक डॉक्टर रागावतात. म्हणतात, बाई, लोक आधीच तपासणीला येत नाहीत, आणि तुम्ही पास झालेल्या कागदावरही शंका घ्यायला शिकवताय. त्यांची काळजी खोटी नाही. पण मला विचाराल तर विश्वास तुटतो तो नेमका उलट्या कारणाने. आम्हाला कोणी त्या नवव्या दिवशी सांगितलं असतं की ही पहिली पायरी आहे, हिचं रक्त बदललंय म्हणून तीन महिन्यांच्या आत बेरा लागेल, तर आम्ही धावत गेलो असतो. आम्हाला पूर्ण भरवसा दिला गेला, आणि तो पूर्ण तुटला. काही कानांची श्रवणशक्ती जन्मानंतर कमी होत जाते. आईला गरोदरपणात झालेल्या सीएमव्ही विषाणूच्या संसर्गामुळे, मेंदूज्वरामुळे, जंतुसंसर्गावर दिलेल्या काही तेज इंजेक्शनांमुळे. जन्माच्या दिवशीची कोणतीच चिठ्ठी हे आधी सांगू शकत नाही. मग त्या चिठ्ठीवर मुदत का लिहू नये? लसीच्या कार्डावर पुढची तारीख असते. कानाच्या कागदावरही मराठीत, मोठ्या अक्षरात असावं: आज फक्त आतल्या कानाच्या पेशी तपासल्या, हाकेला ओ न दिल्यास केव्हाही परत आणा, वर्षाचं होऊन एकही शब्द न बोलल्यास नक्की आणा. आणि पेटीत राहिलेल्या बाळाच्या कार्डावर बेराची तारीख सुट्टीच्या कागदासोबतच पडावी. उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला दिवस, आई-बाळाला आदल्या रात्री मुक्कामाला एक खाट, आणि दार बंद होणारी एक शांत खोली, एवढ्याने ते तीन बुधवार वाचतील.

यापेक्षाही आग्रहाने मला एक गोष्ट मागायची आहे. आईची शंका हा निकाल म्हणून नोंदवला जावा. 'ही हाकेला बघत नाही' हे वाक्य वहिनीने दहाव्या महिन्यात म्हटलं होतं. चोवीस तास बाळाबरोबर असलेल्या माणसाचं, शेकडो वेळा पडताळलेलं निरीक्षण होतं ते. त्या चिठ्ठीतल्या यंत्राने पाचेक मिनिटं तिचे कान बघितले होते. दोन्हींत मतभेद झाला, तेव्हा घरच्यांपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांनी यंत्राचं मानलं, कारण ते छापलेलं होतं. आईने शंका घेतली की जुना कागद कितीही पास असो, पुन्हा तपासणी झालीच पाहिजे, असा लेखी नियम हवा. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही.

भाची आता पाच वर्षांची आहे. ऑपरेशन झालं, कानामागे यंत्र आहे. वहिनी रोज संध्याकाळी तिला ओट्यावर बसवते आणि तोंडासमोर सूप धरून, ओठ झाकून, एकेक शब्द म्हणते. चमचा. मासा. चप्पल. भाची चित्र उचलते. 'मासा' आणि 'माशी'मध्ये अजून गफलत होते. परवा चुलीवर दूध उतू जात होतं, पाठ करून खेळणारी ही वळली आणि 'आई, दूध' म्हणाली. वहिनीने पदराने डोळे पुसले आणि पुढचा शब्द म्हणायला सूप पुन्हा उचललं.

आमच्या शाळेत या महिन्यात आरोग्य तपासणीचं पथक येणार आहे, सोबत ऑडिओमीटरही असेल असं कळवलंय. दिलेल्या तारखेला गुरुवार आहे. गुरुवारी गावचा आठवडी बाजार शाळेच्या कुंपणाला लागून भरतो, भोंगे सकाळी आठपासून सुरू होतात. तारीख शुक्रवारी घ्यावी, ग्रामपंचायतीची मागची खोली वापरावी, आणि यंत्राच्या तपासणीचा दाखला सोबत आणावा, असा अर्ज मी मुख्याध्यापकांच्या सहीने आज सकाळी दिला आहे.